जुना हाय म्हणून गळणारच, हे कुणी ठरवलं?



आमच्या तामलवाडीच्या शिवारात बघा, नाहीतर तुळजापूर तालुक्यात कुठंही जा. जुन्या ट्रॅक्टरखाली डिझेलचा काळा डाग दिसणारच. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "जुना हाय, थोडं गळायचंच." मला ह्या उत्तराची चीड येते. म्हैस म्हातारी झाली म्हणून चरवीला भोक चालतं का?

"थोडं" म्हणजे किती, ते मोजा. मी बाटली लावून मोजलंय. कॉक उघडा ठेवून रात्रीच्या 12 तासांत 150 मिली. कॉक कधी बंदच केला नाही तर महिन्याला 9 लिटर, वर्षाला 100 लिटरच्या वर. लिटरला 90 रुपये धरले तरी 9 हजार मातीत गेले. कुणी म्हणेल, आम्ही रात्री कॉक बंद करतो. चांगलं करता. पण दिवसभर नांगरताना, रोटा मारताना गळतंय ते कोण बघतं?

2014 च्या ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचा भाव बाजारावर सोडला. 2017 च्या जूनमध्ये तो रोज बदलायची पद्धत आली. सोयाबीनचा भाव आपल्या हातात नाही, डिझेलचाही नाही. हातात आहे ती फक्त टाकीपासून नोझलपर्यंतची वाट, आणि तीच आपण बेवारस सोडलीय.

दुसरी चीड गॅरेजच्या सवयीची. आमच्या ट्रॅक्टरच्या पंपावर ओल दिसली. एका गॅरेजवाल्यानं लांबूनच सांगितलं, "पंप गेला, खोलून पाठवावा लागतो." खर्च हजारांत. मी पंपाला हात लावू दिला नाही. सगळं धुऊन बघितलं तर वरच्या फिल्टरच्या बँजो बोल्टखालचं तांब्याचं वायसर चेपलेलं. डिझेल तिथनं निघून पंपावर ओघळत होतं. नवीन वायसर चहाच्या पैशात आलं. थेंब पडतो तिथंच गळती असते असं नाही, एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मे पंप विनाकारण खोलायचे वाचतील.

शोधायची रीत साधी आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. टाकी, कॉक, फीड पंप, फिल्टर, पंप, नोझल आणि परत टाकीकडं जाणारा ओव्हरफ्लो पाइप, हे सगळं धुऊन कोरडं पुसा. जोडांवर खडूची भुकटी मारा. कॉक उघडा आणि थांबा. भुकटी जिथं सगळ्यात वर ओली होईल तिथं गळती. काही दिसलं नाही तर इंजिन चालू करून लांबूनच परत बघा, कारण काही जोड दाब आल्यावरच गळतात.

सापडलं की लगेच पाना घेऊन आवळत सुटू नका. जास्त आवळलं की आटे जातात, मग 10 रुपयांचं काम हजारावर जातं. वायसर नवीनच टाका. तालुक्याला जायला वेळ नसेल तर जुनं तांब्याचं वायसर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, ते मऊ होतं. पण चेपून चर पडलेलं असेल तर फेकून द्या. रबरी नळी तडकली असेल तर डिझेलसाठी येते तीच नळी घाला. ठिबकची किंवा फवारणी पंपाची नळी डिझेलनं खराब होते. साबण आणि लांबी म्हणजे चार दिवसांची मलमपट्टी.

काही वेळा गळती बाहेर दिसतच नाही. सकाळी ट्रॅक्टर लवकर चालू होत नाही, चालता चालता दम टाकतो, सारखी एअर काढावी लागते. तेव्हा टाकी ते फीड पंप ह्या वाटेवर कुठंतरी हवा ओढली जातेय. आणि इंजिनाचं ऑइल न घालता वाढत असेल तर ट्रॅक्टर तिथंच उभा करा. फीड पंपातनं डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

आता जिवाचं बोलतो. इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपची गळती बोटानं चाचपू नका. तिथली बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वर टाचणीएवढी खूण दिसते, आत बोट सडतं. तसं झालं तर घरी हळद लावत बसू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. धार बघायची तर पुठ्ठा धरा. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तशीच वेल्डिंगला देऊ नका, आत वाफ असते. आणि मळणीच्या दिवसांत तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल ओघळत असेल, बाजूला कडब्याची गंज आणि भुसा असेल, तर "थोडं गळतंय" म्हणणाऱ्यानं आधी गंजीकडं बघावं.

कृषी खात्यातल्या साहेबांनाही सांगणं आहे. नवीन ट्रॅक्टर-अवजाराला महाडीबीटीवर अर्ज आहे, अनुदान आहे. चांगलं आहे. पण जुनं नीट राखायला शिकवणारा कार्यक्रम गावात कधी येतो? मध्य प्रदेशात बुदनीला 1955 पासून केंद्राची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. तामलवाडीचा पोरगा तिथवर कसा पोचणार? माती परीक्षणाचं शिबिर होतं तसं पेरणीआधी एक दिवस गळतीचं घ्या. दोन पाने, खडू आणि वायसरची पुडी, एवढाच खर्च. पिंजोरचा एचएमटी ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय 2016 ला झाला, पण त्याचे ट्रॅक्टर अजून शेतात चालतात. ते कारखान्यानं नाही, मालकांनी जिवंत ठेवलेत.

ज्याला नवीन घ्यायचाय त्यानं जरूर घ्यावा. पण गळतो म्हणून जुना मोडीत काढणाऱ्यानं आधी खडू मारून बघावा. नव्याचा हप्ता सुरू झाल्यावर वायसरची किंमत कळून उपयोग नाही.