डाव संपतो, तो खेळ मुलांना द्या

वडोदऱ्याजवळच्या बाजव्यात खत कारखान्याच्या नाहीतर रिफायनरीच्या पाळ्या सांभाळून घर चालवणाऱ्या मराठी आईबापांना माझी एक विनंती आहे. सुट्टीत पोरगं गाड्यांची शर्यत खेळताना दिसलं की लगेच मोबाईल हिसकावू नका. ते कोणती शर्यत खेळतंय, ते आधी बघा.

जुन्या शर्यतींना शेवट असायचा. नामकोचा १९८२ चा ‘पोल पोझिशन’, सेगाचा १९८६ चा ‘आउट रन’ हे नाणं टाकून खेळायचे खेळ. पडद्यावर घड्याळ उलटं चालायचं. पुढचा टप्पा वेळेत गाठला तर आणखी थोडे सेकंद मिळायचे, नाहीतर खेळ खलास. दुकानदाराला पुढचं नाणं हवं असे, म्हणून डाव काही मिनिटांतच आटोपायचा. कोनामीचा १९८४ चा ‘रोड फायटर’ तर टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर तुमच्यापैकी कित्येकांनी खेळला असेल. पेट्रोल सतत उतरत असायचं, रंगीबेरंगी गाडीला गाठलं की थोडं भरायचं, दुसऱ्या गाडीला घासलं की आपली भेलकांडायची.

आज तसे खेळ ब्राउझरमध्ये उघडतात. ब्राउझरमधले खेळ पूर्वी ज्यावर चालायचे ते फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडलं, तरी त्यातले बरेच खेळ ‘रफल’ या सॉफ्टवेअरमुळे पुन्हा चालतात, शिवाय नवेही तयार होतात. नाणं गेलं, पण डाव अजूनही लवकरच संपतो. मला हेच फार मोलाचं वाटतं. उलट फोनवरचे आजचे बरेच खेळ रोजच्या बक्षिसांची लालूच दाखवून मुलाला धरून ठेवतात.

म्हणून मिनिटं मोजू नका, डाव मोजा. ‘अजून पाच मिनिटं’ कधी संपत नाहीत, ‘तीन डाव’ संपतात. खेळण्यासाठी एपीके उतरवायला सांगणारं, ओटीपी किंवा पैसे मागणारं पान तिथल्या तिथे बंद करा. शक्य असेल तर कम्प्युटरवर, बाणाच्या बटणांनी खेळू द्या. बोटांना अंदाज येतो आणि पडदा घरातल्या सगळ्यांना दिसतो.

स्कूटरची चावी मात्र वय होईपर्यंत देऊ नका, मग पोरगं पडद्यावर कितीही पटाईत असो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, अल्पवयीन मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलालाही पुढे पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आणि घरातल्या मुलीलाही बोलवा. नाक्यावरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरांचीच गर्दी असायची, मुलींना तिथे कोण पाठवत होतं? आता खेळ घरातच आहे. तिलाही भावाइतकेच डाव द्या, आणि ती खेळत असताना शेजारी बसा.