नाल्यातला मासा चोरीचा नाही



पाऊस उतरला की देवरी-सालेकसाच्या डोंगरातले नाले निवळतात. आमच्या बाया जाळी-टोपली घेऊन पाण्यात उतरतात. डाडक, झिंगे, नशीब असलं तं एखादी मरळ. भातासोबत तेवढंच कोरड्यास. यंदा एका गावच्या बायांच्या हातातून जाळी हिसकून नेली. वरून ऐकवलं, मासे मारणं म्हणजे शिकार, केस लागेल.

शिकार काहून? १९२७ च्या इंग्रजी वन कायद्यात, कलम २६ मध्ये, राखीव जंगलात शिकार करणे, मासे मारणे आणि पाण्यात विष टाकणे हे एकाच ओळीत बसवले आहे. तेच इंग्रज साहेब काश्मीरच्या, निलगिरीच्या थंड ओढ्यांत विलायतेचा ट्राउट मासा आणून सोडत आणि गळ टाकून दिवस घालवत. तो त्यांचा शौक, आमचं पोट मात्र गुन्हा! साहेब गेले, ओळ राहिली.

पण २००६ चा वनहक्क कायदा त्या ओळीच्या नंतरचा आहे. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे व पाणवठ्यातील इतर उत्पादनांवर सामूहिक हक्क दिला आहे. त्याच कायद्यात शिकारीचा हक्क नाही, हेही खरं. तेवढंच आम्हाला वाचून दाखवतात. ज्या कायद्यानं शिकार वगळली त्यानंच मासा नाव घेऊन दिला, मग मासा शिकारीत कसा बसतो, याचं उत्तर द्या जी!

नवेगाव-नागझिरा २०१३ ला व्याघ्र प्रकल्प झाला म्हणून तिथं हा कायदा लागत नाही, असं कोणी म्हटलं तं ऐकू नका. कायद्यातल्या 'वनजमिनी'त अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतात.

आता ग्रामसभांना सांगणं आहे. दावा लिहिताना लोक मोह, तेंदू, बांबू लिहितात आणि 'गौण वनोपज' म्हणून थांबतात. गौण वनोपज म्हणजे झाडाझुडपापासून मिळणारं. मासा त्यात येत नाही. सामूहिक दाव्याच्या नमुन्यात मासे-पाणवठ्याचा रकाना वेगळा आहे, तो कोरा सोडू नका. नाल्याचं नाव, कोणता डोह, कोणत्या महिन्यात, सगळं लिहा. नियम १३ मध्ये मासेमारीच्या जागा पुरावा म्हणून धरल्या आहेत, म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो. धिवर भावांना सभेत सोबत घ्या, पाणी त्यांचंही आहे.

आणि काही पोट्टे डोहात ब्लिचिंग पावडर टाकतात, ते ग्रामसभेनं आजच बंद करावं. कलम ५ नं पाण्याचे स्रोत राखायचं काम आपल्यालाच दिलं आहे. अंड्यावरचा मासा पहिल्या पावसात वर चढतो, तेव्हा नाला आडवा बांधू नये.

पुन्हा कोणी जाळी उचलली तं भांडू नका, पावती मागा. कोणतं कलम, तारीख, नाव, सही. पावती देत नसेल तं जाळी सोडू नका आणि त्याच दिवशी ग्रामसभेच्या वहीत नोंद करा.