स्क्रूला घासली एक वायर आणि दोन इंजिनांचे कॉम्प्युटर बंद! अंतराळयानात असं कसं घडतं?

सुनीता विल्यम्स ज्या यानातून गेल्या आणि मग ९ महिन्यांहून जास्त काळ अंतराळ स्थानकातच राहिल्या, ते बोईंगचं स्टारलायनर आठवतंय? तेव्हा चर्चा झाली थ्रस्टरची आणि हीलियम गळतीची. पण हे यान त्याआधी, २०२३ मध्ये, चक्क एका टेपमुळेही रखडलं होतं.

वायरींचे जुडगे घासू नयेत म्हणून त्यांच्यावर काचेच्या धाग्यांची टेप गुंडाळली होती. म्हणजे टेप होती संरक्षणासाठी. पण काही परिस्थितीत तीच पेट घेऊ शकते हे लक्षात आलं, तेव्हा उड्डाणाला काही आठवडेच उरले होते. मग एक किलोमीटरहून जास्त टेप सोलून काढावी लागली.

एवढी भीती का? कारण २७ जानेवारी १९६७. अपोलो १ च्या जमिनीवरच्या सरावात, शुद्ध ऑक्सिजन भरलेल्या बंद केबिनमध्ये आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. वायरिंगमधली ठिणगी हेच सगळ्यात संभाव्य कारण असल्याचं चौकशीत म्हटलं गेलं.

१९९९ मध्ये काय घडलं होतं?

२३ जुलै १९९९, मध्यरात्र उलटून गेलेली. फ्लोरिडातून कोलंबिया शटल उडालं. कमांडर होत्या आयलीन कॉलिन्स, शटलचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला. यानात होती 'चंद्रा' ही एक्स-रे दुर्बीण. हे नाव शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून दिलेलं.

उड्डाणानंतर साधारण ५ सेकंदांत शॉर्ट सर्किट झालं. तीनपैकी दोन मुख्य इंजिनांवरचा एकेक कॉम्प्युटर बंद पडला. प्रत्येक इंजिनावर असे दोन कॉम्प्युटर असतात. दुसऱ्याने काम चालू ठेवलं, म्हणून इंजिनं धडधडत राहिली. त्यातलंच एक इंजिन त्या वेळी वेगळ्याच कारणाने हायड्रोजन गळत होतं, हे आणखी वर.

ते उरलेले दोन कॉम्प्युटरही गेले असते तर? दोन इंजिनं बंद. मग यान वळवून धावपट्टी गाठायचा प्रयत्न करायचा, जो प्रत्यक्षात कोणी कधी केलेलाच नव्हता.

एवढा बिघाड कशाने?

एका स्क्रूने. त्याच्या डोक्याची कड खरखरीत झाली होती आणि शेजारून जाणारी वायर तिच्यावर घासत होती. आवरण झिजलं, आतली तार उघडी पडली.

शटल अवकाशात असायचं काही दिवस, जमिनीवर मात्र महिनोन् महिने. तेवढ्या काळात तंत्रज्ञ अरुंद जागेत शिरतात, गुडघे टेकतात, कधी वायरींवर पायही पडतो. अवकाशातल्या उष्णता-थंडीपेक्षा हे पाय जास्त महागात पडले, असं म्हणायला हरकत नाही. एका शटलमध्ये ३०० किलोमीटरहून जास्त वायर होती. कुठे खरचटलंय हे शोधणार कसं?

शिवाय वायरींवरचं आवरण होतं कॅप्टन नावाच्या प्लास्टिकचं. वजनाला हलकं, उष्णतेला पक्कं. पण त्याला चीर पडून ठिणगी उडाली की जळलेल्या जागी कार्बन तयार होतो आणि कार्बनमधून वीज वाहते. म्हणजे जे वीज अडवायला लावलं, तेच तिला वाट करून देतं.

यानंतर सगळी शटल थांबवून वायरिंग तपासलं गेलं. खरखरीत कडा घासून गुळगुळीत केल्या, वायरींवर संरक्षक नळ्या चढवल्या. मुख्य आणि पर्यायी वायरी एकाच जुडग्यात तर नाहीत ना, हाही प्रश्न पुढे आला. त्या एकत्र असतील तर एकच स्क्रू दोन्ही कापू शकतो आणि पर्यायी व्यवस्था फक्त कागदावर उरते. पुढचं शटल उडायला डिसेंबर उजाडला.

वायर धडधाकट, पण जोडलीच चुकीची

१७ नोव्हेंबर २०२०. युरोपचं वेगा रॉकेट फ्रेंच गयानातून निघालं. पहिले तीन टप्पे ठीक चालले, चौथा सुरू होताच रॉकेट भरकटलं. स्पेन आणि फ्रान्सचा एकेक उपग्रह गेला. चौथ्या टप्प्यात इंजिनाचा रोख बदलणाऱ्या यंत्रणेच्या केबल उलट्या जोडल्या होत्या. डावीकडे म्हणावं आणि उजवीकडे वळावं, असला प्रकार!

यावर सोपा उपाय आपल्या भिंतीवरच आहे. तीन पिनांचा प्लग उलटा बसतच नाही. यानातल्या केबलची टोकंही अशी वेगवेगळ्या आकाराची करता येतात, म्हणजे चुकीच्या जागी ती शिरणारच नाहीत.

चौकशी आयोगाने या चुकीचं खापर केबल जोडणाऱ्या माणसावर फोडलं नाही. जोडणीसाठी ज्या अटी होत्या आणि त्या तपासायला ज्या चाचण्या ठरवल्या होत्या, त्यांचा एकमेकींशी मेळच नव्हता, असं आयोगाला आढळलं. त्यामुळे केबल उलट्या जोडल्यानंतरच्या सगळ्या चाचण्या झाल्या आणि रॉकेट पासही झालं.