‘स्मौस्यौ’ हा उसना शब्द नव्हे

आइसलंडी भाषेत सूक्ष्मदर्शकाला ‘स्मौस्यौ’ म्हणतात. ‘स्मौ’ म्हणजे लहान, ‘स्यौ’ म्हणजे पाहणे. परवा एका विद्वानांनी भर सभेत या शब्दाची खिल्ली उडवली. हा ग्रीक शब्दाचा निव्वळ तर्जुमा, ‘मायक्रोस्कोप’सारखा नैसर्गिक शब्द जगभर रूढ असताना जेमतेम चार लाख लोकांनी हट्टाने घडवलेला, असे त्यांचे म्हणणे. टाळ्या पडल्या. माझा संताप अजून निवळलेला नाही.

‘मायक्रोस्कोप’ नैसर्गिक कधीपासून झाला? १६२५ मध्ये रोममधल्या जोव्हान्नी फाबर या वैद्याने दोन ग्रीक तुकडे जोडून तो घडवला. प्राचीन अथेन्समध्ये तो कुणाच्या तोंडी नव्हता. घडवलेलाच शब्द, पण ग्रीकमध्ये घडवला की विद्वत्ता आणि आइसलंडीत घडवला की हट्ट, हा कुठला न्याय?

आता तर्जुम्याचे. ‘लहान’ आणि ‘पाहणे’ ही जोडी ग्रीक शब्दावरून सुचली, हे मला मान्य आहे. पण ‘स्यौ’ हा तुकडा कुठून आला, हे पाहण्याचे कष्ट या गृहस्थांनी घेतलेच नाहीत. आइसलंडी जिच्यातून आली त्या जुन्या नॉर्स भाषेत आरशाला ‘स्कुग्स्यौ’ म्हणत: ‘स्कुग्गी’ म्हणजे सावली, ती जिथे दिसते तो आरसा. तेराव्या शतकात नॉर्वेत लिहिलेल्या ‘राजाचा आरसा’ या ग्रंथाच्या मूळ नावात हाच शब्द आहे. म्हणजे पाहण्याच्या वस्तूला ‘स्यौ’ जोडून नाव देण्याची रीत त्या भाषेत फाबरच्या कितीतरी आधीपासून होती. सूक्ष्मदर्शक आला आणि त्याच घरात राहिला. याला उसनवारी म्हणणारा माणूस झाडाचे फळ पाहतो, मूळ पाहत नाही.

शुद्धतेच्या वेडाचा आरोपही जुनाच. दुर्बिणीसाठी ‘कीकिर’ हा डॅनिशकडून आलेला शब्द आइसलंडी माणूस खुशाल वापरतो. आपली ‘दुर्बीण’ही फारसीतली, ‘दूरचे पाहणारी’. तिला कुणी परकी म्हणत नाही.

‘स्यौ’ पुढेही फळत राहिला. रडारला ‘रात्स्यौ’, वर्णपटदर्शकाला ‘लित्स्यौ’. ‘लित्’ म्हणजे रंग. शाळकरी मुलालाही नावावरून यंत्राचे काम कळते.

त्या विद्वानांना एकच विनंती: पुढच्या व्याख्यानाआधी आइसलंडी शब्दकोशात ‘स्कुग्स्यौ’ हा शब्द काढून वाचा.