दरज नरम, वीट कायम

चिमणी म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांसमोर येते ती मॉड्युलर किचनमधली, बटण दाबलं की घुर्रऽऽ करणारी. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरजवळच्या आमच्या वाड्यात तिला धुराडं म्हणतात. चुलीच्या वरून विटांचा पोकळ नळ निघतो आणि भिंतीतून थेट धाब्यावर जातो. गॅस कधीच आलाय, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. गेल्या दिवाळीपासून शेजारच्या खोलीत, काकूच्या उशाशी धूर यायला लागला. चुलतभाऊ म्हणाला, ‘पाडून टाकू, स्लॅब घालू.’

थोडासा धूर म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नसतं, बॉस. धुरासोबतचा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास. त्यात आमच्या धुराड्याला खेटून सागाची तुळई. फटीतून एक ठिणगी गेली तर पुढचं सांगायला नको.

आधी फटी शोधल्या. दारं-खिडक्या सताड उघडल्या, चुलीत ओलं गवत टाकलं आणि टॉर्च घेऊन भिंतींवर धूर कुठून झिरपतो ते पाहिलं. सगळ्यात वाईट हाल नेमके तिथे, जिथे मागे एका ठेकेदारानं सिमेंट भरलं होतं. सिमेंट टुणटुणीत, आजूबाजूच्या विटांचे मात्र पापुद्रे सुटलेले!

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला. ‘भाऊ, दरज विटीपेक्षा नरमच पायजे. दरज गेली त पुन्हा भरता येते. वीट गेली त कुठून आणता?’

यात शास्त्र आहे. वीट तापली की फुगते, निवली की आकसते. चुन्याची दरज तेवढं सोसते, ओलही बाहेर सोडते. सिमेंट हटून बसतं आणि मार विटेला बसतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी १८२४ चं. जिजाऊंचा जन्म झाला (१२ जानेवारी १५९८) तो आमच्याच जिल्ह्यातला सिंदखेडराजाचा वाडा त्याच्या दोन शतकं आधीचा!

मग काम सुरू. चूल बंद, तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल. काजळी ब्रशनं झाडली. भुसभुशीत दरजा पेरभर खोल खरवडल्या, धूळ काढली, विटा पाण्यानं भिजवल्या. विरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, त्यात थोडी सुरखी, म्हणजे विटांचा चुरा. हा माल थराथरानं दाबून भरला. ज्वाळा थेट लागते तिथे मात्र चुना चालत नाही. तिथे चुलीचीच माती. फुटलेल्या विटा बदलल्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. त्याला डेडलाइन कळत नाही! आठवडाभर ओलं गोणपाट, नंतर सावकाश वाळू दिलं आणि मग आधी काटक्यांचा लहान जाळ.

पुन्हा गवताची परीक्षा घेतली. धूर फक्त धाब्यावर. स्लॅबचा विषय निदान या वर्षापुरता मिटलाय.

तुमचंही गावी असं घर असेल, तर पुढच्या सुट्टीत चूल थंड असताना खिशातली किल्ली काढा आणि धुराड्याची एक दरज खरवडून बघा. पिठासारखी भुरभुरली, तर मिस्त्रींना फोन करा. आणि चुना आणायला सांगा, सिमेंट नाही!