'साहित्य म्हणून' वाचण्याची पळवाट

हिब्रू पवित्र ग्रंथांचा उगम आणि त्यांची ऐतिहासिक विश्वसनीयता यांविषयीचा वाद तीन शतकांहून जुना आहे. या वादात साहित्यसमीक्षेची भूमिका कोणती, असा प्रश्न निघाला की आपल्या विद्यापीठीय वर्तुळात एक ठरीव उत्तर ऐकू येते : आम्ही हे ग्रंथ 'साहित्य म्हणून' वाचतो, त्यांत सांगितलेले घडले की नाही, हे इतिहासकारांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी पाहावे. हे उत्तर वरकरणी विनयशील आहे. वस्तुतः ती एक पळवाट आहे. आणि तिने इतिहासापेक्षा साहित्यसमीक्षेचेच अधिक नुकसान केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम 'हे ग्रंथ' म्हणजे नेमके कोणते, हेच पाहू. मराठीत रूढ असलेले 'जुना करार' हे नाव ख्रिस्ती परंपरेचे असून ते 'नवा करार' गृहीत धरते. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला या ग्रंथांना 'जुने' म्हणण्याचे काहीच कारण नाही. फरक केवळ नावाचा नाही. छापील हिब्रू संहितेचा रूढ क्रम 'इतिहास' या ग्रंथाने, म्हणजे यरुशलेमला परतण्याची मुभा देणाऱ्या कोरेश राजाच्या आज्ञेने संपतो. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती क्रम मलाखी संदेष्ट्याने, म्हणजे एलियाच्या आगमनाच्या अभिवचनाने संपतो. ग्रंथ तेच, परंतु शेवट बदलताच कथानकाची दिशा बदलते. यिर्मयाच्या ग्रंथाची स्थिती तर अधिक बोलकी आहे. त्याचे ग्रीक रूप प्रचलित हिब्रू रूपापेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने लहान असून त्यातील मांडणीही वेगळी आहे. ग्रीक अनुवादकांनी मजकूर गाळला असावा, असे म्हणण्याची सोय पूर्वी होती. १९४७ पासून कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांत दोन्ही धाटणींचे हिब्रू अवशेष मिळाल्यावर ती सोय फारशी उरली नाही. ज्या 'अंतिम संहिते'पासून आमचे रूपनिष्ठ समीक्षक आरंभ करतात, ती संहिताच इतिहासाने घडवलेली आहे. इतिहास दाराबाहेर ठेवून हे वाचन सुरूच होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा असा की, ज्या चिकित्सेला आम्ही 'इतिहासकारांचे काम' म्हणून बाजूला सारतो, ती मुळात साहित्यिक निरीक्षणातून जन्मली. स्पिनोझाने १६७० मध्ये मोशेच्या कर्तृत्वाविषयी शंका घेतली, ती संहितेतील अंतर्गत विसंगतींच्या आधारे. १७५३ मध्ये आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने 'उत्पत्ती'मधील कथांची पुनरुक्ती आणि ईश्वराच्या नावांतील फरक पाहून मोशेपुढे वेगवेगळी साधने असावीत, असा तर्क मांडला. १८०५ मध्ये डी वेट्टे याने 'अनुवाद' या ग्रंथाची शैली व विचार पंचग्रंथीच्या अन्य भागांहून वेगळे असल्याचे दाखवले; आणि हा ग्रंथ व योशीया राजाच्या काळात, इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास मंदिरात 'सापडलेला' नियमग्रंथ यांचा संबंध पुढील अभ्यासाचा कणा ठरला. १८७८ मध्ये वेलहाउझनने याजकीय नियमसंहिता संदेष्ट्यांच्या नंतरची ठरवली. त्याचबरोबर कुलपित्यांच्या कथा कुलपित्यांच्या काळाविषयी नव्हे, तर त्या ज्या काळात आकाराला आल्या त्या काळाविषयी सांगतात, हे सूत्र त्याने ठामपणे मांडले.

वेलहाउझनची मांडणी आज जशीच्या तशी कोणी स्वीकारत नाही. १९७७ मध्ये रेंडटॉर्फने स्वतंत्र सलग दस्तऐवजांच्या कल्पनेलाच आव्हान दिले, आणि युरोपातील अनेक अभ्यासक आता त्या कल्पनेवाचून काम करतात. शिवाय उत्तरकालीन यहुदी धर्म म्हणजे कर्मठ ऱ्हास, हा वेलहाउझनचा पूर्वग्रह होता. १९०३ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी या 'उच्च चिकित्से'तील ज्यूद्वेषावर नेमके बोट ठेवले. परंतु संहिता प्रथमतः आपल्या रचनाकाळाची साक्षीदार असते, हे सूत्र त्या पूर्वग्रहासोबत बाद होत नाही.

विसाव्या शतकातील वादाने मात्र हे सूत्रच विसरायला लावले. ऑलब्राइट आणि त्याच्या अनुयायांनी उत्खननाच्या आधारे कुलपित्यांना इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात बसवण्याचा खटाटोप केला. थॉम्पसन (१९७४) आणि व्हॅन सीटर्स (१९७५) यांनी तो डोलारा पाडला. पुढे फिलिप डेव्हिस (१९९२), लेमके प्रभृती 'मिनिमलिस्ट' अभ्यासकांनी 'प्राचीन इस्राएल' ही बव्हंशी उत्तरकालीन रचनाच असल्याचे प्रतिपादले. १९९३ मध्ये तेल दान येथे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला आणि त्यातील एका शब्दाचे वाचन बहुसंख्य अभ्यासकांनी 'दाविदाचे घराणे' असे केले, तेव्हा एका बाजूने विजयाचे नगारे वाजवले, तर दुसऱ्या बाजूने पर्यायी वाचने शोधण्याची शिकस्त केली. वास्तविक त्या तुकड्याने दाविदाच्या नावाने ओळखले जाणारे राजघराणे होते एवढेच सिद्ध होते. गल्याथाच्या कथेविषयी तो काहीच बोलत नाही. दोन्ही पक्षांचे गृहीत मात्र एकच आहे : घटनेच्या जवळचे ते खरे, दूरचे ते निरुपयोगी. एक पक्ष संहिता प्राचीन ठरवून तिला वाचवू पाहतो, दुसरा ती अर्वाचीन ठरवून तिला निकालात काढतो. 'विश्वसनीय' हे विशेषण कशासंबंधी विश्वसनीय, हे सांगितल्याखेरीज निरर्थक आहे, याचे भान दोघांनाही राहत नाही.

इसवी सनापूर्वी ७०१ चे उदाहरण घेऊ. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. त्याच्या कोरीव वृत्तांतानुसार त्याने ४६ तटबंद नगरे जिंकली, हिज्कीयाला यरुशलेमात कोंडले आणि ३० किक्कार सोने व ८०० किक्कार चांदी खंडणी म्हणून घेतली. 'दुसरे राजे'च्या अठराव्या अध्यायात हिज्कीया खंडणी देतो : सोने ३० किक्कार, चांदी ३०० किक्कार. सोन्याचा आकडा जुळतो, चांदीचा जुळत नाही. परंतु लगेच पुढे, जणू खंडणी दिलीच नव्हती अशा रीतीने, दुसरी कथा सुरू होते आणि देवदूत एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी सैनिकांना मारतो. हीच हकिगत यशयाच्या ग्रंथात येते तेव्हा खंडणीची वचने तेथे नाहीत. 'इतिहास' ग्रंथातही नाहीत. लाखीश नगराचा पाडाव सन्हेरीबाने निनवे येथील आपल्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतला, ती शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. 'राजे'मध्ये लाखीश हे केवळ शत्रूच्या तळाचे ठिकाण आहे. उलट, यरुशलेम घेतल्याचा दावा सन्हेरीबही करीत नाही, आणि ते का घेतले नाही यावर तो मौन पाळतो.

येथे 'खरे की खोटे' एवढाच प्रश्न विचारणारा इतिहासकार आकडे जुळवून थांबेल. 'साहित्य म्हणून' वाचणारा देवदूताच्या कथेतील संवादकौशल्याची वाखाणणी करील. खरा प्रश्न दोघांच्या हातून निसटतो. नामुष्की आणि चमत्कार या दोन हकिगती कोणी, केव्हा, कशासाठी शेजारी ठेवल्या? त्यांतील एक पुढच्या ग्रंथांनी का गाळली? हा प्रश्न एकाच वेळी रचनेचा आणि इतिहासाचा आहे.

मौनाचेही तसेच. अम्री राजाला 'पहिले राजे' अवघी सहा वचने देते. अश्शूरी लेखांत मात्र इस्राएलचे राज्य दीर्घकाळ अम्रीच्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते, आणि मवाबचा राजा मेशा आपल्या शिलालेखात अम्रीने मवाबला गांजल्याचे नमूद करतो. लेखकाला अम्री ठाऊक नव्हता असे नाही. अधिक माहितीसाठी तो वाचकाला दुसऱ्या ग्रंथाकडे पाठवतो. त्याची राजांना मोजण्याची फूटपट्टीच वेगळी होती, आणि बाहेरचे लेख हाताशी नसते तर ती आपल्याला एवढी स्पष्ट दिसली नसती.

रॉबर्ट ऑल्टर यांच्या 'द आर्ट ऑफ बिब्लिकल नॅरेटिव्ह' (१९८१) या ग्रंथाचे ऋण नाकारण्याचा येथे हेतू नाही. पुनरुक्ती हे प्रत्येक वेळी जोडकामाचे चिन्ह नसून ती हेतुपुरस्सर योजनाही असू शकते, हे त्यांनी समर्थपणे दाखवले. परंतु त्यांच्या मराठी अनुयायांनी त्यातून 'कल्पित कथा' एवढाच शब्द उचलला. आउअरबाखने 'मिमेसिस' (१९४६) मध्ये होमरशी तुलना करताना ओळखले होते की, ही कथने वाचकाचे रंजन करून थांबत नाहीत. आपणच सांगतो ते सत्य, असा त्यांचा हट्ट असतो. स्टर्नबर्ग (१९८५) यांनीही ऐतिहासिक सत्य असणे आणि सत्याचा दावा करणे यांत भेद करून, हा दावा या कथनाच्या घडणीचाच भाग असल्याचे प्रतिपादले. जी संहिता सत्याचा दावा करते तिला 'कल्पित' म्हणून सोडून देणे, हे तिला साहित्य म्हणूनही न वाचणे आहे.

या पळवाटेची किंमत सर्वांत अधिक जाणवते ती 'यहोशवा'च्या ग्रंथात. कॅथलीन केन्यन यांच्या १९५२ ते १९५८ मधील उत्खननाने यरीहोचे तटबंद नगर यहोशवाच्या मानलेल्या काळापूर्वी शतकानुशतके उद्ध्वस्त झाल्याचे दाखवले. आय येथेही त्या काळात नगर नव्हते. 'शास्ते' या ग्रंथाचा पहिला अध्यायच कनानी लोक अनेक नगरांत टिकून राहिल्याची यादी देतो. यावर आमच्या पंडितांचा निःश्वास ऐकू येतो : चला, तो नरसंहार घडलाच नव्हता, आता निर्वेधपणे शैली पाहू. पण न घडलेला संहार आदर्श म्हणून कोणी रचला, हा प्रश्न घडलेल्या संहाराइतकाच गंभीर आहे. मेशाही नबो नगरातील सात हजारांना आपल्या देवतेप्रीत्यर्थ संहारासाठी वाहिल्याचे सांगतो, आणि तेथील क्रियापद हिब्रू ग्रंथातील संहाराच्या क्रियापदाचेच सगोत्र आहे. म्हणजे ही त्या प्रदेशातील राजसत्तांची भाषा होती, आणि ती यहूदाच्या लेखकांनी आपल्या गरजेसाठी वापरली. १९८६ मध्ये एडवर्ड सैद यांनी मायकेल वॉल्झर यांच्या 'एक्झोडस अँड रेव्होल्यूशन'ची झडती घेतली ती याच मुद्द्यावर : निर्गमाच्या मुक्तिकथेत कनानी लोकांचे काय झाले? कनानी माणूस इतिहासात मारला गेला नसेल. संहितेत तो मारला गेलाच आहे, आणि त्या संहितेचे दाखले देऊन नंतरच्या शतकांत खऱ्या माणसांच्या जमिनी घेतल्या गेल्या आहेत. अशा वेळी तटस्थ शैलीविचार हाही एक पक्षच ठरतो.

याचा अर्थ साहित्याच्या अभ्यासकाने फावडे घेऊन उत्खननाला जावे, असा नाही. मात्र आपण कोणती संहिता वाचतो, ती कोणत्या काळाची मानतो, आणि तो काळ बदलल्यास आपल्या अर्थनिर्णयाचे काय होते, हे त्याने सांगितले पाहिजे. हिब्रूचा गंध नसताना 'बायबलच्या शैली'वर प्रबंध स्वीकारण्याची प्रथाही थांबली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला, तेव्हा इंग्रजी भाषांतर हाताशी असतानाही त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळाकडे वळल्या. त्या श्रद्धेने वाचत होत्या, आम्ही चिकित्सेने वाचतो असे म्हणतो. श्रद्धेला जे कष्ट टाळता आले नाहीत, ते चिकित्सेला माफ कसे?