दहा लाख झाडे आणि आपली उंडी

सिंगापूरच्या नॅशनल पार्क्स बोर्डाने एप्रिल 2020 मध्ये दहा लाख झाडे लावण्याची मोहीम सुरू केली. मुदत होती 2030 ची. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा महाराष्ट्रातली वृक्षलागवड आठवली असेल: 2016 मध्ये 1 जुलैला एका दिवसात दोन कोटी रोपे, 2019 मध्ये तर 33 कोटींचे लक्ष्य! किती लावली हे सगळे विचारतात. कोणती लावली आणि त्यातली जगली किती, हे फारसे कोणी विचारत नाही.

सिंगापूरने निदान 'कोणती' हा प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. ली क्वान यू यांनी 16 जून 1963 रोजी फॅरर सर्कसला लावलेले मेम्पाट हे इथलेच झाड. पण 1967 नंतर 'गार्डन सिटी' उभारताना सावलीची घाई होती. मग अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष (मुंबईकरांचा रेन ट्री) आणि आफ्रिकेतली महोगनी यांच्या रांगा लागल्या. त्यांनी काम चोख केले, हे मान्यच करायला हवे. आता मात्र जंगल पुन्हा उभे करायचे म्हटल्यावर भर देशी झाडांवर आहे.

या देशी झाडांत आपली एक जुनी ओळखीची आहे. कोकणच्या किनाऱ्यावरची उंडी! इथे तिला बिंतांगोर लाउत म्हणतात. तिची फळे समुद्रावर तरंगत दूर जातात, त्यामुळे ती दोन्हीकडची मूळ रहिवासी. चकचकीत जाड पाने, पांढरी सुवासिक फुले, गोल फळे. कोकणात तिचे कडू तेल दिव्याला आणि होड्यांना वापरत. खारा वारा, रेताड जमीन, कडक ऊन, सगळे ती सोसते. म्हणूनच भराव घातलेल्या किनाऱ्यालाही ती चालते. सिंगापूरच्या रानात ती आता दुर्मिळ आहे, पण रस्त्यांकडेला आणि बागांत लावलेली भरपूर दिसते. (सुरूचे मात्र उलटे. कोकणात तो बाहेरून आणून लावलेला, इथे तो घरचा!)

उंडीचा एकच दोष, ती सावकाश वाढते. आणि खरी मेख इथेच आहे. तेंगाहमध्ये नव्या वसाहतीसाठी जंगल मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. क्रांजीला तर पर्यावरणाचा अभ्यास पूर्ण होण्याआधीच काही भाग साफ झाल्याचे 2021 च्या सुरुवातीला उघड झाले. अशा जंगलात परक्या अल्बिझियाचीच गर्दी, मग ते गेले तर काय बिघडले, असा एक सूर ऐकू येतो. मला तो पटत नाही. त्याच उंच अल्बिझियावर समुद्र गरुड घरटी करतात आणि त्याच्याच सावलीत देशी रोपे वर येतात. चार दशकांच्या रानाची भरपाई कमरेएवढ्या रोपांनी लगेच कशी होणार? घरांची गरज खरी आहे, पण लावलेल्या झाडांच्या आकड्याशेजारी तोडलेल्यांचा आणि पाच वर्षांनी जगलेल्यांचा आकडाही जाहीर व्हावा.

आपण फ्लॅटमधली माणसे, अंगणात झाड लावायची सोय नाही. पण या मोहिमेत नागरिकांना रोपे लावता येतात. तिथे जाल तेव्हा रोपाचे नाव जरूर विचारा. आणि गावाहून बिया आणू नका, नियम कडक आहेत आणि गरजही नाही. उंडीचे बी टणक कवचासकट पेरले तर उगवायला दोनेक महिने लागतात. कवच अलगद फोडून काढले तर बरेच लवकर उगवते.